पुढच्या पिढीचा फोन आणि आपली पुढची पिढी



दरवर्षी ६ डिसेंबरला महामानवाला अभिवादन करण्यासाठी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, भोजनदान चालते, दर्शनाची रांग दूरवर जाते. त्या गर्दीत एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. मोबाईलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण फोन लागत नाही. विदर्भातून आलेली आजी रांगेत मागे राहते, नातू पुन्हा पुन्हा फोन लावतो, पलीकडून काहीच आवाज येत नाही. शेवटी माईकवरून नाव पुकारावे लागते. रेंज आहे, पण फोन लागत नाही, हे असे का होते? या साध्या प्रश्नाच्या पोटात जगभर चाललेले एक मोठे संशोधन दडलेले आहे.

गोराईतल्या आमच्या अभ्यासवर्गात दहावी-बारावीची मुले-मुली येतात. त्यांनी आम्हाला विचारले, "५जी आले, आता ६जी येणार म्हणतात. ते कशाला हवे? आणि त्याच्याशी आपला काय संबंध?" आम्ही वाणिज्य शाखेचे, कारकुनी करणारे. विज्ञानाचे पंडित नव्हे. पण प्रश्न टाळायचा नाही, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. म्हणून वाचून, जाणत्यांना विचारून जे समजले ते या सदरात मांडत आहोत.

प्रथम लहरीची गोष्ट. आकाशवाणी, टीव्ही, मोबाईल ही सारी एकाच जातकुळीच्या लहरींवर चालतात. फरक एवढाच की लहर सेकंदाला किती हेलकावे घेते. यालाच वारंवारता म्हणतात. हेलकावे वाढले की लहरीची लांबी कमी होते. आपले वाडवडील मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला ऐकत असत. ती लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब. एफएम रेडिओची लहर सुमारे ३ मीटर. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला झाला. त्या सुरुवातीच्या काळातील फोन ९०० मेगाहर्ट्झवर चालत, म्हणजे सेकंदाला ९० कोटी हेलकावे. त्यांची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फुटपट्टीहून थोडी मोठी. आता ५जी साठी जो सर्वांत वरचा पट्टा आपल्या देशात दिला गेला तो २६ गिगाहर्ट्झचा. सेकंदाला २,६०० कोटी हेलकावे आणि लहर करंगळीच्या नखाएवढी, जेमतेम ११-१२ मिलिमीटर!

एवढ्या वर जाण्याचे कारण काय? कारण खाली जागा उरलेली नाही. लिंक रोडचे उदाहरण घ्या. रस्त्यावर मार्गिका चार असतील तर चारच रांगा चालणार. गणेशोत्सवात किंवा जयंतीला गाड्या वाढल्या की कोंडी ठरलेली. लहरींचा पट्टा हा असाच रस्ता आहे. खालच्या वारंवारतेत पट्टे अरुंद आहेत आणि रेडिओ, टीव्ही, विमान, संरक्षण अशा सर्वांची तिथे आधीपासून वस्ती आहे. वर मात्र मोकळे माळरान आहे. २०२२ च्या लिलावात जिओ कंपनीने देशभरासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० मेगाहर्ट्झ घेतले, ३३०० च्या पट्ट्यात १०० घेतले आणि २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १,००० घेतले. दहा, शंभर, हजार. शिवाजी पार्कावर फोन न लागण्याचे उत्तर इथे आहे. लाखो माणसे एकाच वेळी एकाच अरुंद रस्त्यावर आली की काड्या दिसूनही वाट मिळत नाही. हजार मार्गिकांचा रस्ता तिथे उघडला, तर आजी आणि नातू यांची चुकामूक होणार नाही.

मग अडचण काय? अडचण पोहोचण्याची आहे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत ढोलाची दणदण तीन गल्ल्या पलीकडे, दारे-खिडक्या लावलेल्या घरातही ऐकू येते. गाण्याचे शब्द मात्र मिरवणूक दारात आल्याखेरीज कळत नाहीत. जाड आवाज भिंतीतून, कोपऱ्यावरून वळसा घेऊन जातो, बारीक आवाज अडतो. रेडिओ लहरींचे बरेचसे असेच आहे. लांब लहर टेकडीला वळसा घालते, भिंतीतून आत शिरते. करंगळीच्या नखाएवढी लहर विटांच्या भिंतीत मरते, ओल्या पानांत जिरते, माणूस आडवा आला तरी क्षीण होते. पत्र्यावर आपटली तर सरळ परत फिरते. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे, आणि लहरही मिलिमीटरच्या घरातली. त्यामुळे मुसळधार पाऊस तिला वाटेतच खातो. ज्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तिथे ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

आता आपल्या गोराईकडे पाहा. खाडीच्या या काठाला म्हाडाच्या वसाहती, दाटीवाटीची घरे, इमारती. पलीकडच्या काठाला गोराई गाव, कोळी आणि ईस्ट इंडियन बांधवांची वस्ती, आदिवासी पाडे आणि २००९ साली खुला झालेला विश्व विपश्यना पॅगोडा. मध्ये खाडी आणि तिवरांचे जंगल. उघड्या पाण्यावरून ही बारीक लहर चांगली जाते, कारण तिला समोरचे नजरेच्या रेषेत हवे असते. पण तिवरांच्या आड, माडांच्या आड, पाड्यातल्या घरात ती पोहोचत नाही. पॅगोड्याच्या दगडी घुमटातही ती शिरणार नाही. तिथे ध्यानाला बसलेल्यांची त्याबद्दल काही तक्रार असणार नाही, ती गोष्ट वेगळी! पाड्यातल्या विद्यार्थ्याची मात्र तक्रार असणार. २०२०-२१ च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली, तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक पाड्यांतली मुले टेकडीवर, झाडावर चढून रेंज शोधत होती.

म्हणूनच या बारीक लहरींवर संशोधन चालू आहे. त्यातील मुख्य युक्ती समजायला सोपी आहे. कंदील सगळीकडे उजेड फेकतो, म्हणून तो दूरवर क्षीण होतो. बॅटरीचा झोत एकाच दिशेला जातो, म्हणून दूर जातो. लहर लहान झाली की तिचा अँटेनाही लहान होतो. २६ गिगाहर्ट्झला असे चौसष्ट छोटे अँटेना तळहातावर मावतील एवढ्या पाटीवर बसतात. त्या सर्वांनी ठरावीक तालात लहरी सोडल्या की त्यांचा मिळून एक झोत बनतो आणि पाटी न हलवता तो झोत ग्राहकाच्या फोनकडे वळवता येतो. माणूस चालू लागला की झोतही त्याच्या मागे गेला पाहिजे. मध्ये बस आडवी आली की क्षणात दुसरी वाट शोधली पाहिजे. भिंतीवर खास पाट्या लावून लहर आरशासारखी वळवता येईल का, कमी विजेत हे सारे करणारी चिप कशी बनवावी, अशा प्रश्नांवर आज अभियंते झटत आहेत. फिनलंडच्या औलू विद्यापीठाने २०१८ साली ६जी चा संशोधन कार्यक्रम सुरू केला. तिथे आणि इतरत्र १०० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवरही प्रयोग चालू आहेत. भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये ६जी चा आराखडा जाहीर केला आणि २०३० हे लक्ष्य ठेवले.

हे सर्व परदेशातून आलेले आहे असे कोणी समजू नये. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच मिलिमीटर लहरींचा जाहीर प्रयोग केला. भिंतीपलीकडे लहर पाठवून दूरवरची घंटा वाजवली आणि बारुद पेटवली. ५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या लहरींपर्यंत त्यांचे काम गेले होते. जगाला त्या लहरींचा मोबाईलसाठी उपयोग सुचायला पुढे शंभर वर्षे लागली. याच बोसांना हिंदी माणूस म्हणून गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला होता. त्यांनी निषेध म्हणून तीन वर्षे पगारच घेतला नाही, पण शिकवणे आणि प्रयोग थांबवले नाहीत. प्रयोगशाळेतही माणसामाणसांत भेद केला जातो, हे त्या काळापासूनचे सत्य आहे.

आपल्या उपनगरातही हे काम होते. पवईच्या आयआयटीच्या आवारात 'समीर' ही सरकारी संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेली ही संस्था सूक्ष्मलहरींवर संशोधन करते. कर्करोगाच्या उपचाराचे लिनॅक यंत्र तिने देशात बनवले, त्याच्या पोटातही सूक्ष्मलहरीच काम करतात. २०१८ साली केंद्र सरकारने सुमारे २२० कोटी रुपये खर्चाचा स्वदेशी ५जी चाचणी प्रकल्प मंजूर केला. त्यात देशातील आठ संस्थांमध्ये आयआयटी मुंबई आणि समीर या दोन्ही होत्या. मे २०२२ मध्ये तो प्रकल्प खुला झाला. गोराईहून पवई कितीशी दूर? पण आपल्या वस्तीतल्या किती मुलांना ही नावे ठाऊक आहेत?

आता हिशेबाकडे येऊ, कारण हिशेब हा आमचा विषय. २०२२ चा लिलाव १ लाख ५० हजार १७३ कोटी रुपयांना गेला. त्या लिलावात देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची किमान किंमत पट्ट्यानुसार ठरली होती. ७०० च्या पट्ट्याला ३,९२७ कोटी रुपये. ३३०० च्या पट्ट्याला ३१७ कोटी. आणि २६ गिगाहर्ट्झला ७ कोटीहूनही थोडी कमी. हा तक्ता नीट वाचा. जी लहर खेड्यात, पाड्यात, भिंतीच्या आत पोहोचते ती सर्वांत महाग. जी चौकातच थांबते ती सर्वांत स्वस्त. पण स्वस्त लहरीला दर शे-दोनशे मीटरवर खांब, वीज आणि जमिनीखालून केबल लागते. म्हणजे तिचा खर्च लिलावात दिसत नाही, रस्त्यावर होतो. तो खर्च कंपनी कुठे करील? जिथून वसुली होईल तिथे. विमानतळ, मॉल, मोठी कार्यालये, टॉवरच्या सोसायट्या.

लहरीला जात माहीत नसते. ती मंदिरात, मशिदीत, विहारात सारखीच वागते. पण खांब कुठे रोवायचा हे माणूस ठरवतो आणि माणसाला पत्ता दिसतो. पूर्वी पाणवठा गावाच्या कोणत्या टोकाला असावा हे जसे कोणीतरी ठरवत होते, तसेच हे. म्हणून लहर जितकी बारीक होत जाईल, तितका ठरवणारा माणूस महत्त्वाचा होत जाईल. आज आपली पोरे या धंद्यात आहेतच. केबलसाठी चर खणणारी आहेत, मनोऱ्यावर दोर बांधून चढणारी आहेत, दुकानात सिमकार्ड विकणारी आहेत. त्या श्रमांना आमचा सलाम. पण जिथे नियम ठरतो त्या टेबलाशी आपण किती आहोत?

टेबलाशी बसल्याने काय फरक पडतो, याची दोन उदाहरणे देतो. ५जी चे जागतिक मापदंड ठरत होते तेव्हा बड्या देशांच्या डोळ्यांसमोर दाट शहरे होती. भारतीय अभियंत्यांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात आग्रह धरला की आमच्याकडे खेडी आहेत, दोन मनोऱ्यांत ६ किलोमीटर अंतर असले तरी सेवा चालली पाहिजे, तीही परीक्षा ठेवा. २०१७ साली ती अट मान्य झाली. दुसरे उदाहरण पालघरचे. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खामलोली व आसपासच्या गावांत टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. झाडीतून, टेकडीआडून जाणारी ती लांब लहर होती. त्यांच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. म्हणजे उंच वारंवारता आणि खालची वारंवारता ही दोन्ही शास्त्रे हवीत. एक गर्दीसाठी, दुसरे दूरच्या माणसासाठी. कोणाला काय हवे हे सांगणारा माणूस आत असेल, तरच दोन्हींना पैसा मिळतो.

इथे एका भीतीबद्दलही बोलले पाहिजे. नव्या लहरींनी आजार होतात, पक्षी मरतात, असे निरोप घरोघरी फिरतात. मे २०२१ मध्ये दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला की कोरोनाचा ५जी शी काही संबंध नाही. तेव्हा तर देशात ५जी सुरूही झाले नव्हते, ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले! भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. तपासले तर काय दिसते? या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडणाऱ्या नाहीत. त्यांचा ज्ञात परिणाम उष्णतेचा आहे, आणि २६ गिगाहर्ट्झची लहर त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरते. तरीही मर्यादा हवी, म्हणून १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या सरकारने मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. आपल्या इमारतीवरील मनोऱ्याची मोजणी मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. तो जरूर वापरावा. घाबरून मुलांचे विज्ञान मात्र तोडू नये.

माता-पित्यांनो, १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या विद्यार्थ्यांसाठी काय मागितले ते पाहा. विज्ञान व तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी देशात दरवर्षी २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचे पंडित असूनही त्यांनी कला आणि कायद्याच्या पदवीवर समाधान मानू नये, प्रगत विज्ञान-तंत्रज्ञानानेच समाज वर येईल, अशी भूमिका घेतली. १९४४ पासून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यावर आपल्यातील कित्येक घरे उभी राहिली. त्या शिष्यवृत्तीने आपल्याला कारकून केले, शिक्षक केले, अधिकारी केले. याबद्दल कृतज्ञ राहून आता पुढचे पाऊल टाकायचे आहे. आपल्या घरातून संशोधक बाहेर पडला पाहिजे.

वाट सोपी नाही. केंद्रीय संस्थांत २००६ च्या कायद्याने अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत, पीएच.डी.लाही आहेत. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. पण दार उघडे असणे आणि आत सन्मानाने टिकता येणे यात अंतर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय वागणुकीचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. आपल्या मुलांना तिथे पाठवताना त्यांच्या पाठीशी समाजाने उभे राहिले पाहिजे. आठवड्यातून एक फोन, सुट्टीत एक भेट, आधी शिकून गेलेल्यांची ओळख. याला पैसा लागत नाही.

कामाला सुरुवात कुठून करावी? आठवीपासून गणिताला घाबरणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, सोडू नका. लहरीचे सारे शास्त्र त्रिकोणमितीवर उभे आहे. साइन आणि कोसाइन म्हणजेच लहर, हे तिला सांगा. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राची चार चांगली पुस्तके ठेवा. अभियांत्रिकी पदविका घेतलेल्या मुलाला नोकरीबरोबर पुढे पदवीला बसवा. एम.टेक. झालेल्याला पुण्याच्या बार्टी संस्थेची संशोधन अधिछात्रवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती यांची माहिती वेळेत द्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे जाहिरात येण्याआधी तयार ठेवा. कागद अपुरा म्हणून अर्ज बाद झालेली हुशार मुले आम्ही पाहिली आहेत. त्या कामात कारकुनाचा हात हवा असेल, तर गोराईच्या अभ्यासवर्गात दर रविवारी सकाळी आम्ही बसलेले असतो.

पुढच्या पिढीचा फोन येणारच आहे. तो आपण विकत घेऊच. पण चैत्यभूमीच्या गर्दीत आणि खाडीपलीकडच्या पाड्यात तो सारखाच कसा लागेल, हे ठरवणाऱ्यांत आपल्या वस्तीतली एखादी मुलगी असली पाहिजे. त्यासाठी यंदाच्या दहावीच्या निकालात गणिताच्या गुणांकडे आधी पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!